पुरेसा उजेड होता म्हणे!

ऊस काच फोडून आत आला होता. दहा-बारा ऊस, पाल्यासकट, मनगटाएवढे जाड, आणि त्यांच्यामागे सुजाता बसलेली होती. मी मागच्या सीटवरून तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गरम होता. "सुजे," म्हणाले. पुन्हा म्हणाले. गाडीचा भोंगा आपोआप वाजत होता आणि रशीद स्टिअरिंगवर कपाळ टेकवून "दिसलंच न्हाई वो मावशी, दिसलंच न्हाई" एवढंच बोलत होता. मी दार उघडून खाली उतरले. समोर आभाळ अजून केशरी होतं... इतकं स्वच्छ केशरी, की मला त्याचा राग आला. आणि खाली रस्त्यावर माझ्या पायातली चप्पल मला दिसत नव्हती.

सुजाता माझ्या भावाची मुलगी. दोन वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवलं. त्या दिवशी आम्ही नांदेडहून लातूरला परत येत होतो. माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता, डॉक्टरनं तपासायला बोलावलं होतं. रशीद आमच्या गल्लीतला. स्वतःची गाडी चालवतो, आमचं कुठंही जाणं त्याच्याच गाडीनं. पुढं तो आणि सुजाता, मागं मी. वाटेत एका गावाजवळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं आहेत तिथं, उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. टायर फुटलं म्हणून ट्रॅक्टर सोडवून नेलेला आणि ट्रॉली अर्ध्या रस्त्यावर तशीच टाकलेली. मागं लाल दिवा नाही, दिव्याच्या उजेडात चमकणारी लाल काच नाही, साधं लाल फडकं बांधलेलं नाही. पाला जमिनीपर्यंत लोंबत होता. रशीदला ती अगदी जवळ आल्यावर दिसली तेव्हा त्यानं गाडी उजवीकडं ओढली. उजवी बाजू सुटली, डावी सापडली. गावाचं नाव मी लिहीत नाही. कारखाने सुरू झाले की आपल्याकडं सगळ्या गावांचं तेच असतं.

याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात, भूकंपातून वाचली आणि ट्रॉलीवर गेली, नशीब. नशीब कसलं? मागं एक लाल काच लावायची होती. ती लावली नाही, आणि वर पोलिसांनी पहिल्या कागदावर लिहिलं, "घटनास्थळी पुरेसा उजेड होता." पुरेसा उजेड होता म्हणजे ट्रॉली दिसत होती, म्हणजे चूक रशीदची. ट्रॉलीच्या मालकाचं नाव त्या कागदावर कुठंच नाही. सुजाताच्या नावापुढं धंदा म्हणून काय लिहिलंय? घरकाम. मी ठाण्यातल्या जमादाराला सांगितलं होतं की ती उजेड लावायची. तो म्हणाला, "म्हंजे वायरमन होत्या का?" मी न्हाई म्हणाले, तर त्यानं घरकाम लिहून टाकलं. जिनं बारा वर्षं उजेडाचंच काम केलं, तिच्या मरणाच्या कागदावर उजेडाबद्दल खोटं लिहिलंय. म्हणून मी हे लिहायला बसले. रडायला बसलेली नाही.

खोटं लिहिणारे पोलीसच होते असंही नाही. पेपरात तिच्यावर एक तुकडा आला. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली बालिका, अंधाराची भीती जिंकून प्रकाशाची कलाकार झाली, असं काहीतरी. लिहिणारा मला भेटला नव्हता. सुजाता ढिगाऱ्याखाली नव्हतीच. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. माझा भाऊ शाळेत शिपाई होता. बौद्धवाड्यातलं पहिलं दगडी घर त्यानं बांधलं आणि त्या घराचा त्याला फार अभिमान होता. मी नवऱ्यानं टाकलेली, भावाकडं राहायचे. माझी जागा बाजूच्या छपरात, शेळीजवळ. गावातला गणपती बुडाला त्या दिवशी पोरीला खोकला होता. वहिनी म्हणाली, "आक्का, हिला आज तुमच्याकडं घ्या, मला झोपू दीना." पहाटे जमीन हलली. माझं छप्पर पाचटाचं, ते डुललं आणि थांबलं. दगडी घर बसलं. भाऊ, वहिनी, त्यांची दोन थोरली मुलं आणि आमची आई, पाच माणसं आत होती. उजाडलं तेव्हा सुजाता खोकत होती आणि दूध मागत होती. एवढंच झालं. अंधाराची भीती तिला कधीच नव्हती. भीती मला आहे, दगडी भिंतींची. ती मी जिंकलेली नाही.

पुढची काही वर्षं आम्ही दोघी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पत्रे जुने, खिळ्यांची भोकं तशीच. दुपारी त्या भोकांतून जमिनीवर कवडसे पडायचे. पोरगी ताट कवडशात ठेवल्याशिवाय जेवायची नाही. कवडसा सरकला की ताट सरकवायची, आणि जेवण संपेपर्यंत पार भिंतीला जाऊन टेकायची. एका दिवाळीत ग्रहण लागलं तेव्हा जमिनीवरचे सगळे गोल कवडसे चंद्राच्या कोरीसारखे झाले. ही ओरडत आली, "आत्या, उजेड कुणीतरी खाल्ला!" मी तिला धपाटा घातला, कारण मी स्वतः भ्याले होते. पावसाळ्याआधी मी भोकं डांबरानं बुजवली, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. यातून कुणाला मोठा अर्थ काढायचा असेल त्यानं काढावा. मला त्यात हट्टीपणा दिसतो. मोठी झाल्यावरही तशीच होती. पोळ्या लाटायला हाक मारली की तिला ऐकू यायचं नाही.

नंतर आम्ही लातूरला आलो. तिथं तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. बिलोलीची, मुदखेडची, कुठकुठली पोरं ट्रंका घेऊन उतरत होती, आणि त्या पोरांना जेवायला लागतं. मी खानावळ काढली. भिंतीभिंतीवर नंबर आलेल्या पोरांचे फोटो. त्या शहरात तेव्हा दोनच जातीची माणसं राहायची, नंबर लागलेली आणि न लागलेली. मीही त्यात वाहवले. भाकरी थापता थापता मला वाटायचं, आपलीही पोरगी डॉक्टर होईल. तिला क्लासला घातलं. तिथं दर आठवड्याला परीक्षा आणि मार्कांप्रमाणं बाक. सुजाता शेवटच्या बाकावर. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. रिपीटर म्हणून पुन्हा बसवली, पुन्हा नाही. निकालाच्या दिवशी खानावळीत तीस-चाळीस पोरं जेवत होती. त्यांच्यासमोर, हातात वरणाचा डाव घेऊन, मी तिला म्हणाले, "दोन वर्षं बसून काय दिवे लावलेस?" तिनं ताट घासून ठेवलं आणि वर गेली. मी असं बोलायला नको होतं. पण बोलले, आणि ते खोडता येत नाही.

आता त्याच क्लासनं ती गेल्यावर चौकात बॅनर लावला. "आमची गुणवंत माजी विद्यार्थिनी" आणि तिचा हसरा फोटो. मी त्या सरांकडं गेले.

"मावशी, श्रद्धांजलीच हाय की," सर म्हणाले.

"शेवटच्या बाकावरून तिला फळा दिसत नव्हता. तवा गुणवंत दिसली न्हाई का तुम्हाला?"

"अहो, आता तिचं नाव झालंय. आम्हाला पण अभिमान..."

"तुमचा तुमच्याकडं ठेवा. बॅनर काढा."

दुसऱ्या दिवशी बॅनर काढलेला होता. तिथं आता दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस आहे.

नंबर न लागल्यावर तिनं नांदेडला कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचा कोर्स केला आणि तिथंच एका लहान ऑफिसात कामाला लागली. काम काय, तर गोल्फची मैदानं करायची. खरी नाही, कॉम्प्युटरातली. मला समजायला वर्ष लागलं. थंड देशातली श्रीमंत माणसं बंद खोलीत पडद्यासमोर उभी राहतात, खऱ्या काठीनं खरा चेंडू पडद्यावर मारतात, आणि पुढं चेंडू पडद्यातल्या मैदानावर उडतो. ते मैदान इथं नांदेडात तयार होतं. तिकडून जमिनीचं मोजमाप येतं, इथं कुणी गवत लावतं, कुणी झाडं लावतं, आणि सुजाता उजेड लावायची. सूर्य कुठं ठेवायचा, किती उंच, सावल्या किती लांब, धुकं किती, झाडाखाली अंधार किती. मैदानात अठरा भोकं आणि प्रत्येक भोकाशी उजेड वेगळा बघावा लागायचा. मी पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा विचारलं, "एवढं गवत, आन् एक जनावर न्हाई?"

"जनावर आलं तर खेळणारे ओरडतील, आत्या."

"आन् हे सगळं एक चेंडू भोकात घालायला?"

"हाव."

"मग हातानं घालावा की."

ती हसत सुटली. मैदान पूर्ण झालं की तिचा मला फोन यायचा, "आत्या, आज अठरा ठिकाणी दिवे लावले." मी निकालाच्या दिवशी जे बोलले ते ती मला असं परत करायची. दरवेळी. मी दरवेळी म्हणायचे, "बरं केलंस." दुसरं काय म्हणणार?

पहिल्याच मैदानात तिनं चूक केली, आणि ती चूक आपल्याकडचंच माणूस करेल. दुपारचं ऊन लावताना तिनं सूर्य डोक्यावर आणला आणि सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा केल्या. वैशाखात आपल्या शेतात असतं तसं, सावली पायाखाली. तिकडून उत्तर आलं की आमच्या देशात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, आमच्याकडं भर दुपारीही सावली लांब असते. साहेब तिच्यावर चिडले. ती घरी येऊन मला म्हणाली, "आत्या, असाही देश हाय जिथं सावली पायाखाली येतच न्हाई. मग तिथली माणसं जेवायला कवा बसत असतील?" आम्ही दोघींनी त्यावर बराच विचार केला होता.

आणखी एक अडचण होती. त्या मैदानातले बारीक चढउतार खेळणाऱ्याला दिसले पाहिजेत, नाहीतर चेंडू भलतीकडं जातो. हिनं उजेड वाढवला तरी चढउतार दिसेनात, उलट जमीन जास्तच सपाट दिसायला लागली. त्या आठवड्यात ती घरी आली होती. मी दाराशी बसून तांदूळ निवडत होते. मी दाराकडं तोंड करून कधीच बसत नाही, आडवी बसते, म्हणजे उजेड बाजूनं येतो आणि खड्याची सावली पडते. समोरून उजेड आला तर खडा आणि तांदूळ सारखेच. हे कुणीही बाई सांगेल. सुजाता माझ्यासमोर उभी राहून सुपाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, तू असं आडवं का बसलीस?" मी सांगितलं. ती तशीच कॉम्प्युटरकडं गेली, चहासुद्धा घेतला नाही. तिनं सूर्य खाली उतरवून बाजूला नेला, उजेड निम्मा केला, आणि सगळे चढउतार उठून आले. तेव्हापासून तिचं एक वाक्य ठरलं. ऑफिसात साहेब घाई करायचे, "उजेड पुरेसा हाय, पाठवून दे," तर ही म्हणायची, "किती ते विचारू नका सर, कुठून ते विचारा." या वाक्यावरून तिनं बोलणी खाल्ली, पण वाक्य सोडलं नाही.

वेगवेगळे उजेड ती कॉम्प्युटरात नावं देऊन ठेवायची, आणि नावं आपली. झुंजुमुंजू, तिरीप, कवडसे, टळटळीत, कातरवेळ. ऑफिसातल्या सगळ्यांना तीच नावं वापरावी लागायची. तिकडचे परदेशी लोकसुद्धा लिहायचे की तिरीप थोडी वाढवा. सगळ्यात अवघड कातरवेळ, असं ती सांगायची. मी म्हणायचे, त्यात काय अवघड, थोडा अंधार करायचा. ती म्हणायची, "तसं न्हाई. कातरवेळेला आभाळ उजळ असतं आन् जमीन काळी. डोळा एका वेळी एकाच उजेडाला बसतो. आभाळाला बसला की खालचं दिसत न्हाई. मावळतीकडं तोंड करून खेळणाऱ्याला चेंडू दिसावा म्हणून मला खालून चोरून उजेड द्यावा लागतो. खऱ्या रस्त्यावर असा उजेड कोण देणार?" हे ती दोन वर्षांपूर्वी बोलली होती, स्वयंपाकघरात, पोळी खाता खाता. तेव्हा मी नीट ऐकलंही नव्हतं.

त्या दिवशी गाडीत ती फार खुशीत होती. मोतीबिंदू काढलेला माझा डावा डोळा आणि न काढलेला उजवा, या दोघांत तिला भलताच रस. नांदेड सोडल्यापासून मागं वळून वळून विचारत होती. "आत्या, गॉगल काढ. आता डावा झाक. आभाळ कसं दिसतंय?"

"पिवळं. जुन्या धोतरासारखं."

"आता उजवा झाक."

"हे निळसर हाय गं. अन् पांढरं लईच पांढरं."

"बघ! म्हंजे एवढी वर्षं तू सगळं जग पिवळं बघत हुतीस. माझी मैदानं बी. मला म्हणायचीस, गवत वाळलंय."

रशीद हसला. "मावशी, मग माझी गाडी कुठल्या रंगाची हाय?"

"दोन्ही डोळ्यांनी मळकी," मी म्हणाले.

सूर्य बुडाला होता. नांदेडहून लातूरला येताना रस्ता मावळतीकडंच तोंड करून असतो, त्यात पौषातला दिवस. सुजाता म्हणाली, "आता रस्ता बघ, आत्या. पुढं झाडाखाली बघ. आधी उजवा झाक." मी उजवा झाकला, दोन सीटच्या मधून पुढं बघितलं. वर आभाळ होतं, खाली झाडांचा एकच काळा पट्टा. "काय दिसतंय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "काहीच न्हाई." मग डावा झाकून बघितलं. "तरी काहीच न्हाई." ... आणि मग ऊस आला.

म्हणून मी सांगते की मी बघत होते. रशीदपेक्षा जास्त लक्ष देऊन, एकेक डोळ्यानं बघत होते, कारण तिनं मला बघायला सांगितलं होतं. रशीद साठच्या आत चालवत होता, गाडीचे दिवे लावलेले होते, पण त्या वेळेला दिव्यांचा उजेड पडत नाही, रस्त्यात विरून जातो. हे सगळं मी पोलीस ठाण्यात सांगितलं. जमादार म्हणाला, "आजी, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. तुम्ही काय बघणार?" दोन आठवड्यांनी त्यानं माझा जबाब लिहून ठेवला आणि सही करायला बोलावलं. मी चौथीपर्यंत शिकले, सावकाश वाचते, पण वाचते. त्यात लिहिलं होतं, "सायंकाळची वेळ होती. पुरेसा उजेड होता. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले असल्याने मला ट्रॉली दिसली नाही. चालकास ती दिसावयास हवी होती."

"हे मी बोलले न्हाई," मी म्हणाले.

"तेच हाय आजी, जरा शुद्ध भाषेत."

"शुद्ध न्हाई, खोटं हाय. कातरवेळ होती असं लिहा."

"असं लिहीत न्हाईत. सकाळ, दुपार, सायंकाळ, रात्र. कातरवेळ कशात बसवू?"

"मग माझ्याबरोबर तिथं चला, त्याच वेळेला. तुम्हीच बघा आन् तुम्हीच नाव द्या."

तो हसला. मी बाकावर बसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसले, दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून नेली आणि पुन्हा बसले. येणारा-जाणारा विचारायचा, म्हातारी कशाला बसलीय, आणि मी प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचे. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर जमादार म्हणाला, "चला एकदाचं." जीप घेतली. रशीदला मीच बोलावलं होतं, हात गळ्यात बांधलेला होता त्याचा.

चिंचांपाशी पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. मी जमादाराला म्हणाले, "जीप मागं वळणापर्यंत न्या. सूर्य बुडाला की दिवे लावून सावकाश या. मी ट्रॉलीच्या जागी उभी राहते."

रशीद घाबरला. "मावशी, यडी झाली का? तुमचा आन् एक पंचनामा व्हायचा का आता?"

"तू मागं बॅटरी घेऊन थांब, दुसऱ्या गाड्या थांबव. बाकी मी बघते."

मी हिरवं लुगडं नेसले होते, मुद्दाम. उसाच्या पाल्याचा रंग. जागेवर उभी राहिले. समोरच्या बाजूनं सगळं आभाळ पेटलेलं, मी पाठमोरी झाले, तोंड नांदेडकडं केलं. जीप येताना मला अगदी लांबून दिसली, कारण आभाळाचा उजेड तिच्या काचेवर होता. ती मला दिसत होती आणि मी तिला दिसत नव्हते, हे मला तिच्या चालीवरून कळलं. जीप आली, येतच राहिली, सायकलच्या वेगानं. मी हलले नाही. मग कचकन ब्रेक लागला. जमादारानं खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "कुठं हाय म्हातारी?"

"तुमच्या बंपरपुढं," मी म्हणाले.

तो खाली उतरला. जीपपासून माझ्यापर्यंत पावलं टाकली. आठ झाली. परत जीपकडं गेला, मावळतीकडं बघत उभा राहिला, मग झाडाखाली बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"वर तर लई उजेड हाय," तो शेवटी म्हणाला.

"हाय ना. तोच तर तुम्ही लिहिलाय."

"मी सावकाश होतो म्हणून थांबलो."

"साठनं असता तर?"

रशीद बॅटरी घेऊन आला. जमादारानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि मला म्हणाला, "सांगा आजी, काय लिहू?"

मी म्हणाले, "उजेड किती होता ते लिहू नका. कुठून होता ते लिहा."

त्यानं लिहिलं. रशीदनं बॅटरी धरली. उजेड समोरून, मावळतीकडून, आभाळात होता. झाडाखाली रस्त्यावर उजेड नव्हता. ट्रॉलीला मागून दिवा, काच किंवा लाल कापड नव्हतं. वेळ कातरवेळेची. हा शब्द त्यानं थांबून, माझ्याकडं बघून लिहिला. मग मी म्हणाले, तिचा धंदा दुरुस्त करा. त्यानं विचारलं, काय लिहू, आणि मी सांगितलं, "मैदानांना उजेड लावणं." त्याला समजलं नाही, पण लिहिलं.

कागद वर गेला आहे. रशीदवरचा गुन्हा अजून तसाच आहे, लायसन अजून ठाण्यात आहे, तारीख पडायची आहे. त्या रस्त्यानं मी परवाच पुन्हा आले. चार ट्रॉल्या दिसल्या, एकीच्याही मागं काही नव्हतं. कारखाना चालवणाऱ्यांना, ट्रॉलीवाल्यांना आणि त्यांना रस्त्यावर सोडणाऱ्यांना मला काही शिकवायचं नाही. लाल काच तळहाताएवढी असते, ती कुठंही मिळते, ती लावायला कुणाला शिकवावं लागत नाही. तारखेला मला बोलावतील. वकील माझ्या डोळ्याचं काढतील, वयाचं काढतील, चौथीचं काढतील. काढू देत. मी तिथं तेच सांगणार आहे जे बॉनेटवरच्या कागदात शेवटी लिहिलंय आणि ज्याखाली मी माझ्या हातानं सही केली आहे.

गाडीत आम्ही तिघं होतो. सुजाता जागच्या जागी गेली. रशीद आणि मी वाचलो.